पांढऱ्याच शर्टावर गळणारी नळी

केवळराम शहारेंच्या फाउंटन पेनाची आतली नळी तडकली, तेव्हा त्यांच्या मुलीच्या, रंजिताच्या, लग्नाच्या पत्रिका जवळपास वाटून झाल्या होत्या. हॉल ठरला होता, स्वयंपाकी ठरला होता, नवरदेव तर सगळ्यांच्या आधी ठरला होता. आता बिघडण्यासारखं काही उरलेलं नाही, असं घरात सगळ्यांचं मत होतं. ते पेनाला कुणी कळवलं नव्हतं.

केवळराम गोंदिया स्टेशनच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले. गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यात मात्र त्यांची ओळख बौद्धाचार्य अशी. विहाराच्या वतीने लग्न लावायचं, त्रिशरण-पंचशील द्यायचं, मंगलगाथा म्हणायच्या आणि शेवटी विवाहाचं प्रमाणपत्र स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं. त्यांचं अक्षर असं, की छापखान्याने त्यांच्याकडे शिकवणी लावावी. अर्ध्या कुडव्याचे संसार त्या अक्षरावर उभे होते. कुणाकडे भांडण झालं की बायको नवऱ्याला सुनवायची, "शहारेबाबाच्या अक्षरात लिहून आहे, विसरू नोको!" आणि नवरा गप्प बसायचा.

मागच्या हिवाळ्यात ते स्कूटरवरून पडले. स्पीड ब्रेकरवर स्कूटर थांबली, केवळराम थांबले नाहीत. बाकी सगळं बरं झालं, पण उजव्या अंगठ्यातला जोर गेला. बॉलपेन दाबावं लागतं, ते त्यांना दाबता येईना. जेल पेन दाबावं लागत नाही, पण ते इतकं बारीक की अंगठ्यातून निसटायचं. अन्नपूर्णाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्या जेल पेनाला चिंधी गुंडाळून दिली, तर तेच अपघातातून उठल्यासारखं दिसायला लागलं. चालायचं ते एकच, त्यांचं जुनं जाडजूड फाउंटन पेन. ते बोटांच्या बेचक्यात नुसतं ठेवलं तरी लिहायचं.

लग्न लावायला रामटेकेगुरुजी येणार होते, कारण पोरीच्या बापाला त्या दिवशी दुसरी कामं असतात. पण प्रमाणपत्र बापानेच लिहायचं, ही रंजिताची एकमेव अट होती. साडी, दागिने, बँड, कशालाच तिने अट घातली नव्हती. "बाबाच्या हातचं कागद पाह्यजे मले. सगळ्या गावाले भेटलं, मलेच काऊन नाही?"

आणि नळी तडकली.

ही नळी म्हणजे पेनाचं पोट. तिच्यात एक दट्ट्या असतो, तो फिरवला की शाई वर ओढली जाते. गोंदियाच्या बाजारात लोकेशने चार-पाच दुकानं पालथी घातली. शेवटच्या दुकानदाराने नळी हातात घेऊन चष्म्यातून पाहिली आणि विचारलं, "ये दवाई वाली चीज है क्या भैया?"

लोकेश रंजिताचा धाकटा भाऊ. कुडव्यात त्याचं मोबाइलचं दुकान होतं. रिचार्ज, कव्हर, काचा आणि सल्ला. ऑनलाइन या विषयावर वस्तीत त्याचा शब्द शेवटचा. लोक ऑनलाइन कुकर मागवायच्या आधी त्याला विचारायचे आणि कुकर फुटला की मग पुन्हा विचारायचे.

"टेन्शन कायले घेता बाबा," तो म्हणाला. "आपण ओरिजिनल मागवू. चार स्टार आहेत."

"पाचवा कुठी गेला?" केवळरामांनी विचारलं.

पार्सल ऑफिसात आयुष्य काढलेल्या माणसाला असे प्रश्न पडतात. लोकेशने दुर्लक्ष केलं.

नळी आली. बसली. शाई ओढली. केवळरामांनी कागदावर 'मंगल परिणय' असं लिहिलं आणि सगळं घर त्या दोन शब्दांकडे नातवाकडे बघावं तसं बघत राहिलं. मग त्यांनी पेन पांढऱ्या शर्टाच्या खिशाला लावलं आणि राहिलेल्या दोन पत्रिका द्यायला गावात गेले. परत आले ते छातीवर हाताच्या पंजाएवढा निळा डाग घेऊन. शेजारच्या अल्काबाई दारातच होत्या. त्यांनी आधी किंकाळी फोडली आणि मग रंग पाहून ती अर्ध्यावर थांबवली.

दुसऱ्या दिवशी दुसरा पांढरा शर्ट गेला, तिसऱ्या दिवशी तिसरा. मग लोकेशने शास्त्रीय पद्धतीने प्रयोग करायचा ठरवला आणि बाबांना मरून रंगाचा शर्ट घालायला लावला. दिवसभर काही दिसलं नाही. निष्कर्ष निघाला, की ही नळी फक्त पांढऱ्या शर्टावर गळते.

"असं कसं राहीन?" रंजिता म्हणाली.

"ऑनलाइन मालाचं तुले नाही समजत."

संध्याकाळी अन्नपूर्णाबाईंनी मरून शर्ट भिजवला आणि बादलीतलं पाणी निळंभोर झालं. त्यांनी ती बादली तशीच उचलून लोकेशच्या पुढ्यात ठेवली. "घे. तुहं शास्त्र."

खरा घोळ पुढे कळला. नळीतला दट्ट्या सैल होता. पेन टेबलावर पडून असलं की साधूसारखं शांत. पण अंगाची ऊब लागली की आतली हवा फुगायची आणि शाई बाहेर ढकलायची. हातातही तेच. पहिल्या दोन-तीन ओळी मोत्यासारख्या यायच्या आणि चौथ्या ओळीत निबेतून जांभळाएवढा थेंब पडायचा. केवळरामांनी साध्या कागदावर सराव करून पाहिला. दर वेळी वधूचं नाव सुखरूप पार पडायचं आणि वराचं नाव बुडायचं.

"हिमांशूले सांगू नोका," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

हिमांशू बोरकर हा वर. नवेगाव बांधचा. मोबाइलचे टॉवर दुरुस्त करायचा. ढगाजवळ चढून नट आवळणारा माणूस, पण सासऱ्यासमोर खुर्चीवर टेकताना दोनदा विचारायचा.

लोकेशने कंपनीकडे तक्रार केली. समोर चॅटवर कुणी 'आपकी सहायक' होती. तिला आधी खेद झाला, मग खूप खेद झाला, आणि मग तिने सांगितलं, की एका कागदावर ऑर्डर नंबर हाताने लिहा आणि तो कागद पेनासोबत ठेवून फोटो पाठवा.

इथे घराण्याची सवय आडवी आली. केवळरामांच्या मते तक्रार ही सुवाच्यच असली पाहिजे. पार्सल ऑफिसात त्यांनी गचाळ तक्रारी पाहिल्या होत्या आणि त्या कुठे जायच्या तेही पाहिलं होतं. त्यांनी खुर्ची ओढली, कोरा कागद घेतला, समास सोडला आणि त्याच पेनाने नंबर लिहिला. खाली 'सदर नळी सदोष आहे' असं लिहिलं आणि शेवटच्या काना-मात्रेपर्यंत कुठेही थेंब पडू दिला नाही. लोकेशने फोटो काढून पाठवला.

थोड्या वेळात उत्तर आलं. 'फोटो में पेन बहुत बढ़िया लिख रहा है. आपकी शिकायत बंद की जाती है. खरीदारी के लिए धन्यवाद.'

लोकेशने ते मोठ्याने वाचून दाखवलं. केवळरामांनी तो लिहिलेला कागद पुन्हा हातात घेऊन पाहिला. "बाई म्हणते ते बरोबर आहे," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता, हे कुणी नाकारलं नाही.

दुसऱ्या वेळी लोकेशने स्वतः बॉलपेनाने लिहिलं. उत्तर आलं, 'कृपया साफ अक्षरों में लिखें.'

"बे, शाळेत गेलता का तू?" रंजिताने विचारलं.

"तुह्यासोबतच गेलतो."

"मी आत जात होती."

तिसऱ्या वेळी त्या सहायक बाईने व्हिडिओ मागितला. गळताना दिसलं पाहिजे, मध्ये कापलेला चालणार नाही. लोकेशने बाबांना चौथा, म्हणजे शेवटचा, पांढरा शर्ट घालायला लावला, खिशाला पेन लावलं, आणि मोबाइल डब्यांच्या उतरंडीला टेकवून चालू केला. गोंदियाचा मे महिना, वरून म्हातारा माणूस, म्हणून कुलर त्यांच्या पुढ्यात आणून ठेवला. केवळराम ताठ बसले. कॅमेऱ्यासमोर हलायचं नसतं अशी त्यांची जुनी समजूत होती. पापणीसुद्धा हिशेबाने लवत होती.

पेन गळेना. अर्धा तास झाला, पेन गळेना. गेले काही दिवस घरातला एकही शर्ट न सोडणारं पेन आता पाहुण्यांसमोर पोरं जशी शहाण्यासारखी बसतात तसं खिशात बसलं होतं.

"लाजून राहिलं," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

"कुलरची हवा लागून राहिली न त्याले!" रंजिता म्हणाली. पण बाबांसमोरचा कुलर बंद करायला कुणाचा हात धजेना. तेवढ्यात लाइट गेली. आयुष्यात पहिल्यांदाच लोकेशने लाइट गेल्यावर 'अरे वा' म्हटलं. कुलर घरघरत थांबला. केवळरामांच्या कपाळावर घाम आला, मानेवर आला, आणि मग खिशाच्या तळाशी एक निळा ठिपका उमटला.

"आला! आला!" लोकेश ओरडला.

ठिपका रुपयाएवढा झाला, पुरीएवढा झाला. रंजिताने टाळ्या वाजवल्या. "हलू नोका बाबा! आणखी येऊ द्या!" अन्नपूर्णाबाई सुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या. नेमक्या याच वेळी अल्काबाई 'तुमच्याकडची पण गेली का' असं विचारायला दारात आल्या. त्यांना दिसलं ते असं: खुर्चीत शहारेभाऊजी दगडासारखे बसलेले, छातीवर डाग पसरत चाललेला, आणि बायकापोरं टाळ्या वाजवून राहिलेली.

"अन्नपूर्णाबाई," त्या हळूच म्हणाल्या, "पोरगी तरी उजवू द्याची होती."

अल्काबाईंचं हे वाक्य व्हिडिओत स्पष्ट ऐकू येतं. कदाचित त्याचाच परिणाम झाला असेल. कंपनीने तक्रार ताबडतोब मंजूर केली. जुनी नळी परत न्यायला माणूस येईल, नवी नळी वेगळी पाठवली आहे, असा मेसेज आला. लोकेशने तो वस्तीतल्या चार जणांना दाखवला आणि दोघांना कुकर मागवायला हरकत नाही असं सांगितलं.

फक्त दोन्हींची तारीख लग्नाच्या दिवशीची होती.

लग्न संध्याकाळचं, कुडव्याच्या समाजमंदिरात. दुपारी लोकेश तिथे खुर्च्या मांडत असताना कुरिअरचा रोशन पाठीवर भलीमोठी पिशवी घेऊन आला. "जय भीम. रिटर्न आहे तुमचा."

"आणि नवीन?"

"माह्याकडे नेणं आहे भाऊ. आणणं दुसऱ्याकडे." त्याने मोबाइलवरचा फोटो दाखवला. "पण हे पाहा. फोटोत पेन बी आहे."

"पेन आमचं आहे. नळी कुठी बसते ते दाखवाले त्यायनं फोटोत पेन टाकलं."

"मले काय मालूम? फोटोत आहे ते न्या लागते. नाही देत तर मी 'ग्राहकाने नकार दिला' टाकतो. मग नवीन बी कॅन्सल."

लोकेशने त्याला मांडवात नेलं, खुर्ची दिली, बुंदीचा लाडू दिला, मग दुसरा दिला. दुसऱ्या लाडवानंतर रोशनला फोटोतलं पेन दिसेनासं झालं. लोकेशने सकाळपासून सांभाळायला आपल्याकडे ठेवलेल्या पेनातून नळी काढली, पुसली, मूळ डबीत घातली. डबीत अन्नपूर्णाबाईंनी सेफ्टी पिना ठेवल्या होत्या, त्या त्याने खिशात घातल्या. रोशन गेला. लोकेशने छाती फुगवली. कंपनीला वाकवणारा तो त्या वस्तीतला पहिला माणूस होता.

मग त्याने नवी नळी कुठवर आली ते पाहिलं. नवी नळी पहाटे गोंदिया स्टेशनातून गेली होती. 'गेली' म्हणजे गाडीतून, पुढे. आता ती रायपूरच्या गोदामात होती आणि तिथून परत गोंदियाला यायला निघणार होती. सोमवारी.

आज रविवार होता.

लोकेशच्या हातात पोट नसलेलं पेन होतं. सकाळपर्यंत निदान तीन ओळी तरी लिहिणारं पेन होतं, ते त्याने स्वतःच्या हाताने, वरून लाडू खिलवून, घालवलं होतं. तो मांडवाच्या मागे गेला, रिकाम्या कॅनवर बसला आणि आपल्याला कुणी शोधू नये असा विचार करू लागला. वरात आली, बँड वाजला, तो तिथेच. शेवटी केवळरामच त्याला शोधत आले. नवा पांढरा शर्ट, पांढरी पँट, खिसा रिकामा.

"पेन आण रे."

लोकेशने पेन दिलं आणि सगळं सांगितलं. केवळरामांनी पेन उघडलं, आत पोकळी पाहिली, पुन्हा बंद केलं. मग ते म्हणाले, "रायपूरले गेली असन. आमच्या टायमाले बी जात होते पार्सल." ते रागावले असते तर लोकेशला बरं वाटलं असतं. ते फक्त अंगठा चोळत उभे राहिले. मग म्हणाले, "गुरुजीले सांग, कागद तुमीच लिहा म्हणून." आणि आत गेले.

लग्न लागलं. त्रिशरण झालं, पंचशील झालं, गाथा झाल्या, फुलांच्या पाकळ्या पडल्या. वधूवर पांढऱ्या कपड्यांत, रामटेकेगुरुजी पांढऱ्या कपड्यांत, समोरचे बहुतेक पाहुणे पांढऱ्या कपड्यांत. टेबल मांडलं गेलं. रामटेकेगुरुजींनी प्रमाणपत्राचा कागद समोर घेतला आणि खिशातून बॉलपेन काढलं.

"ते कायले?" रंजिताने विचारलं.

नवरीने बोलायचं नसतं असं नाही, पण इतक्या मोठ्याने बोलायचं नसतं. केवळराम खाली पाहत म्हणाले, "बेटा, पेनाची नळीच गेली. शाई कुठी भरू?"

"मंग भरता कायले? बाटलीत बुडवून लिहा न!"

लोकेशच्या लक्षात आलं, की चार-पाच दुकानं, एक कंपनी, एक सहायक, चार शर्ट आणि एका कुलरनंतरही हे त्याला सुचलं नव्हतं. त्याला अधिक विचार करायचा होता, पण आई म्हणाली, "उभा काय राहिला? बाटली आण घरून!"

तो गाडीवर गेला आणि शाईची बाटली घेऊन आला. आता नवा प्रश्न निघाला. टेबलाचा एक पाय आखूड होता. बाटली ठेवली की ती गुरुजींच्या धोतराकडे सरकायची. कुणीतरी धरायला हवी होती. पहिल्या रांगेतले पाहुणे, ज्यांनी आतापर्यंत फोटोत येण्यासाठी खुर्च्या पुढे ओढल्या होत्या, त्यांनी त्या मागे ओढल्या. रामटेकेगुरुजींना अचानक मेणबत्ती बघायची आठवण झाली.

"मी धरतो," हिमांशू म्हणाला.

नवेगावच्या त्याच्या आत्याने कपाळाला हात लावला. पांढराशुभ्र कुर्ता, गळ्यात फुलांचा हार, आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत उघडी शाईची बाटली. टॉवरवर चढणाऱ्या त्या माणसाने श्वास रोखला.

"श्वास घ्या जावई," केवळराम म्हणाले. "वेळ लागन."

त्यांनी पेन बेचक्यात ठेवलं, निब बुडवली, बाटलीच्या काठावर हलकेच टेकवली आणि लिहायला सुरुवात केली. तीन-चार शब्द झाले की निब कोरडी. पुन्हा बुडवायचं. एकेक अक्षर असं उतरत होतं की मागच्या रांगेतले लोक हळूहळू पुढे आले आणि पुढचे पुन्हा जागेवर आले. जेवणाच्या पंगतीत पानं मांडली होती, वरण वाफाळत होतं, पण कुणी हललं नाही. वराचं नाव आलं. वराने स्वतःचं नाव लिहिलं जाताना पाहिलं आणि बघता बघता बाटली किंचित कलली.

"हिमांशू!" रंजिता कुजबुजली.

"नाही, नाही, धरली आहे."

मग आली वधूच्या वडिलांच्या नावाची ओळ. केवळरामांनी 'के' लिहिला आणि हात थांबला. त्यांनी निब बाटलीत बुडवली. परत आणली, लिहिलं नाही, परत बुडवली. शाई भरपूर होती, सगळ्यांना दिसत होती.

अन्नपूर्णाबाई त्यांच्या कानाशी वाकल्या. "लिवा आता. पोरगी काही रायपूरले नाही चालली. नवेगावलेच चालली."

केवळराम हसले. नाक ओढलं आणि उरलेलं नाव एका दमात लिहून टाकलं. मग सही केली. रामटेकेगुरुजींनी बाटली हिमांशूच्या हातातून अशी काढून घेतली, जसं टॉवरवरून कुणाला खाली उतरवतात. त्याच्या कुर्त्यावर एक थेंब नव्हता. नवेगावच्या आत्याने हॉलला ऐकू जाईल असं सांगितलं, की आमचा पोरगा लहानपणापासूनच असा.

जवळच्या पंख्याने कागदाचा कोपरा उचलला.

"पंखा!" केवळराम ओरडले. "शाई ओली आहे, पंखा बंद कर!"

लोकेशने धावत जाऊन एकामागून एक सगळी बटणं खाली पाडली. मे महिन्यात, भरलेल्या हॉलमध्ये, सगळे पंखे थांबले. रंजिता कागदावर फुंकर घालायला वाकली तर बाबांनी तिच्या कपाळावर हात ठेवून तिला हळूच मागे केलं. "फुंकू नोको. आपल्यानं वाळू दे." मग सगळे उभे राहिले. नवरा, नवरी, गुरुजी, आत्या, कॅमेरा खांद्यावर घेतलेला फोटोवाला, वरणाची बादली घेऊन दारात थांबलेला वाढपी. घाम कपाळावरून नाकावर, नाकावरून हनुवटीवर येत होता आणि कुणी तो पुसत नव्हतं. एवढ्या माणसांना इतका वेळ गप्प उभं राहिलेलं लोकेशने कधी पाहिलं नव्हतं.

केवळराम टेबलावर वाकले. सहीच्या शेवटच्या वळणावर त्यांनी तो अधू अंगठा टेकवला. उचलून उजेडात धरला, पुढून पाहिला, मागून पाहिला. अंगठा कोरा होता.

"लाव रे पंखे," ते म्हणाले.